म्हसोबाच्या वळणावरचा क्रॅश

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगू, निम्म्या वेळा हसतच वाचते. बाभळीवरची बाई, मागे येणारी पावलं... चालू द्या म्हणते. मी जळगावात कॉम्प्युटरचे क्लास घेते. रस्त्यात पडलेलं लिंबू-मिरची टाळून जाणाऱ्यातली मी नाही, त्यावर पाय देऊन जाणारी आहे. त्यामुळे खालचं सगळं मी लिहितेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण घडलं ते घडलं. हसायचं तर हसा, मीही हसलेच असते.

माझे सासरे — आम्ही त्यांना आबा म्हणतो — पहूरजवळचे केळीवाले शेतकरी. सारा जन्म बागेत गेला. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी त्यांना लकवा मारला, उजव्या बाजूला. शेत वाट्याने देऊन आम्ही त्यांना इकडे आमच्या फ्लॅटवर आणलं. बोलणं सुधारलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात म्हणाल तर नुसता खांद्याला लटकलेला. डॉक्टरांनी मला आणि योगेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "सुरुवातीचे महिने काय ते महत्त्वाचे. आत्ता हात हलवला तर हलेल. नाहीतर मग आहे तसा राहील."

आता आबांना व्यायाम करायला लावून दाखवा! फिजिओवाल्या मॅडमनी हातात रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय लेकरू आहे का व चेंडू खेळाले?" योगेशची ड्युटी दीपनगरच्या वीज केंद्रात, शिफ्टची. म्हणजे आबांशी डोकं लावायचं काम माझ्याकडे. त्यांचा स्वभाव कडक आणि माझाही काही गुळाचा नाही. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवणही निम्मं ताटात. मला राग यायचा आणि रागाच्या खाली भीती वाटायची. हा माणूस असाच विझत जाणार की काय, असं वाटायचं.

मार्ग काढला माझ्या धाकट्या भावाने. निखिल धुळ्याला असतो, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि बाकीचा वेळ गेमचं वेड. एके दिवशी तो आपला जुना पीसी, स्टीअरिंग आणि पेडल घेऊनच आला. त्यात एक शेतीचा गेम होता, मूळ गेम परदेशी, गहू-मक्याचा. पण या पठ्ठ्याने त्यात इतके मॉड, म्हणजे वरून जोडायचे जादाचे भाग, घातले होते की परदेशाचं नाव राहिलं नव्हतं. केळीची बाग, ठिबकच्या नळ्या, लाल ट्रॅक्टर, कडुलिंब, विहीर. आणि सगळ्यात भारी म्हणजे आबांच्या शेताचा मॅप! वरून काढलेले फोटो बघून त्याने स्वतः बनवला होता.

"आबा, बघा, तुमचंच शेत शे. बठ्ठं शे," निखिल म्हणाला. घाईत असला की 'सगळं आहे'चं असं 'बठ्ठं शे' होतं, त्याच्या तोंडून अहिराणीच येते.

आबा उठून बसले. चष्मा मागितला. स्क्रीनजवळ वाकून बघितलं आणि म्हणाले, "विहिरीची पायरी इकडून नई, तिकडून आहे." पण डावा हात स्टीअरिंगवर गेला होता. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आता खरी रडकथा. तो गेम चालायचा कसा, तर चालायचाच नाही. केळीच्या बागेत शिरलं की ट्रॅक्टर एक पाऊल टाकणार, थबकणार, मग पुढचं पाऊल. आणि मध्येच सगळी स्क्रीन काळी, गेम बंद. आबा डाव्या हाताने टेबलावर थाप मारायचे, "मेलं! पुन्हा मेलं!" आणि परत भिंतीकडे तोंड. एका क्रॅशला एक जेवण जायचं, असं झालं होतं.

मी पदर खोचला... म्हणजे ओढणी. आधी वाटलं गरम होतंय. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, इथे माणसं क्रॅश होतात, पीसीचं काय घेऊन बसलात. डबा उघडून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. थोडा फरक पडला. मग मॉडची चाळणी लावली. निम्मे बंद करायचे, चालवून बघायचं, मग उरलेले निम्मे. एकाच ट्रॅक्टरचे दोन मॉड एकमेकांच्या उरावर बसलेले सापडले, एक उडवला. केळीच्या एकेका पानाला निखिलने एवढं मोठं चित्र लावलं होतं की भिंतीवर पोस्टर म्हणून लावता आलं असतं. ती सगळी लहान केली, लांबच्या झाडांच्या सावल्या काढून टाकल्या, मॉड कोणत्या क्रमाने उघडायचे ते नीट लावलं. ट्रॅक्टर लोण्यासारखा पळायला लागला. मी खूश! क्लासमध्ये पोरांना फुशारकीने सांगितलंसुद्धा.

पण एक क्रॅश काही केल्या जाईना. विहिरीपासून निघालं की रस्ता बागेच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाकडे जातो. तिथे आलं की स्क्रीन काळी. दर वेळी, त्याच जागी. कडुलिंब काढून बघितला, ठिबक काढलं, ट्रॅक्टर बदलला... काही उपयोग नाही. मॅप तपासावा म्हटलं, तर निखिल म्हणतो, "ताई, मॅपची मूळ फाईल गेली. लॅपटॉप फॉरमॅट मारला ना मी." मी त्याला फोनवरच चार शिव्या हासडल्या. आणि त्या कोपऱ्यापलीकडे काय होतं, तर घड उतरवायला आलेली बाग. आबांना तिथेच जायचं होतं.

तो गेम बाजूला ठेवून दुसरा मॅप लावला, तर आबा बघेनात. "हे आपलं वावर नई." झालं, विषय संपला.

एका दुपारी मी क्लासवरून आले, तर जिन्यातच ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. दार उघडून बघते तो आबा कोपरा ओलांडून पलीकडच्या बागेत! घड भरून ट्रॉली परत निघालेली.

"आबा, हे कसं काय केलंत?"

"मी कुठी काय केलं? म्हसोबापाशी इंजिन बंद केलं, हात जोडले, निघालो."

मी म्हटलं, कोणता म्हसोबा? तेव्हा ते वैतागून सांगायला लागले. शेतात त्या कडुलिंबाखाली शेंदराचा दगड आहे. म्हसोबा. तो मी लग्नानंतर पाया पडायला गेले तेव्हा बघितलेला, पण विसरले होते. खऱ्या शेतात रस्ता त्याला वळसा घालून जातो. आणि रीत अशी की बैलगाडी असो नाहीतर ट्रॅक्टर, तिथे थांबायचं, इंजिन बंद करायचं, हात जोडायचे, मगच पुढे. आबांच्या वडिलांपासूनची रीत. निखिल पडला धुळ्याचा मोबाईलवाला, त्याला काय माहीत! फोटोत झाडाखालचा दगड दिसला नाही, म्हणून त्याने रस्ता सरळ काढला. म्हसोबाच्या अंगावरून.

"त्या पोराले वळणच दिसलं नई," आबा म्हणाले. "मी म्हटलं, वळण नई तर नई, हात तरी जोडू."

"पण हात...?"

"डाव्या हातानं उजवा उचलला, छातीशी आणला. अजून काय करू?"

मी हसले. बरं वाटलं, पण मनात म्हटलं, थांबल्यामुळे मेमरी रिकामी होत असेल, साधी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी आबा अंघोळीला गेले तेव्हा मी बसले. सरळ गेले, क्रॅश. इंजिन बंद करून थांबले, चांगला चहा होईल एवढा वेळ, मग निघाले. क्रॅश! मग इकडेतिकडे बघून, लाज वाटत होती हो, इंजिन बंद केलं, हात जोडले, निघाले.

ट्रॅक्टर आरामात पलीकडे.

पुन्हा केलं. हात जोडले की जातो, नाही जोडले की मरतो. त्या पीसीला कॅमेरा नाही. इंटरनेटही जोडलेलं नव्हतं. त्याला कळतंय कसं? माझ्या हातावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

निखिलला सांगितलं तर तो फोनवर खो-खो हसला आणि रविवारी मुद्दाम धुळ्याहून आला. "ताई, तुला ऊन लागलं." बसला. इंजिन बंद, नुसता थांबला. क्रॅश. मग एका हाताने सलाम ठोकला, क्रॅश. मग तोंडाने काहीतरी पुटपुटत दोन्ही हात जोडले, आणि गेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मनात काय म्हणालास?" मी विचारलं.

"काही नाही गं! शिवीच देत होतो."

आबा पलंगावरून म्हणाले, "त्याले मनाचं काही नई. हात पाहिजे."

मग मी शोधाशोध सोडून दिली. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की आबा दिवसातून कितीदा तरी त्या कोपऱ्यावरून जातात. बागेत जाताना एकदा, येताना एकदा. दर वेळी डाव्या हाताने उजवा उचलायचा, छातीशी आणायचा, तळव्याला तळवा लावायचा. जे करा म्हणून मॅडम विनवून थकल्या, ते हा माणूस आपण होऊन करत होता. हळूहळू बोटं सरळ व्हायला लागली. मग हात उचलताना डाव्याला कमी जोर लागायला लागला. मॅडम म्हणाल्या, "काय करताय तुम्ही? चालू ठेवा." मी म्हटलं, "शेती करतायत." क्रॅश होणारा गेम कोणी जपून ठेवतं का? मी ठेवला.

दिवाळी होऊन गेली होती. भरताची हिरवी वांगी आली होती, मी स्वयंपाकघरात ती भाजत होते. तिथून आबा समोरच दिसतात. त्यांना चहा नुकताच दिलेला. ट्रॅक्टर कडुलिंबापाशी आला. त्यांनी इंजिन बंद केलं. मग डाव्या हाताने चहाचा भरलेला कप उचलला... आणि उजवा हात आपला आपण उठला. हळू, थरथरत, पण उठला. छातीपाशी जाऊन थांबला, अर्धा नमस्कार. मग खाली येऊन त्याच हाताने त्यांनी बटण दाबलं. इंजिन सुरू, ट्रॅक्टर पलीकडे. आबांना पत्ताच नाही, नजर स्क्रीनवर.

मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही. आबा दचकले, चहा लुंगीवर. "काय झालं व?" मी त्यांचा हात धरून रडत होते आणि मागे वांगं जळत होतं. योगेशला ड्युटीवर फोन केला, त्याला आधी वाटलं काही वाईट झालं. मग म्हणाला, आबांना फोन दे. खूप महिन्यांनी त्या रात्री मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, अरे, काल एकच हात होता! निखिलच्या एका हाताला तर गेम मेला होता. आबा गॅलरीत उन्हाला बसले होते. मी स्टीअरिंगवर बसले आणि मुद्दाम सरळ गेले. हात जोडले नाहीत, थांबलेही नाही. ट्रॅक्टर पार पलीकडे. परत फिरून गेले, पुन्हा तेच. त्या दिवसापासून आजपर्यंत तो गेम तिथे एकदाही बंद पडलेला नाही. मॉड तेच, मॅप तोच, पीसी तोच. मी काहीच बदललं नाही. निखिल म्हणतो, असं होऊच शकत नाही. मलाही माहीत आहे की होऊ शकत नाही. तरी झालं.

तुमच्यापैकी कोणी गेमवाला असेल आणि कारण सांगू शकत असेल तर सांगा, मी ऐकेन. मला सापडलं नाही, आणि आता फार शोधतही नाही. आबा गेल्या आठवड्यात उजव्या हाताने भाकरी मोडून जेवले, त्यापुढे मला कशाचं काही वाटत नाही.

हां, एक राहिलं. क्रॅश गेल्याचं मी आबांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, कळलं तर हात जोडायचे सोडतील, आणि अजून बोटांत हवी तेवढी ताकद नाही. ते आपले दर फेरीला थांबतात, इंजिन बंद करतात, आता दोन्ही हात नीट जोडतात. काल मी शेजारी बसून मटार सोलत होते, तर म्हणाले, "हे आता बंद नई पडत इथी. मले माहीत आहे. कवाचं."

मी चाटच पडले. "मग थांबता काहून?" त्यांच्याशी बोलता बोलता माझी भाषाही तशीच व्हायला लागलीय.

आबांनी हात जोडलेलेच होते. माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच अडाणी. "अव, काम झालं म्हणून कोणी हात जोडणं सोडते का?"

आणि उजव्या हाताने इंजिन सुरू केलं.