खंडेनवमीचं मशीन

वडिलांचा पाय मोडला तेव्हा गावच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे नव्हता. हाड वाकडंच जुळलं आणि त्यांची मजुरी सुटली. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, दवाखान्याच्या समितीवर गेलो. मशीन आलं, पण चालवणारा आला नाही. इमारत जिल्हा परिषदेची, पगार राज्याचे, मशीन आमदार निधीतलं. मग माणूस कुणी नेमायचा, ते कुणीच सांगेना.

काल खंडेनवमी. सिस्टरनी घातलेल्या झेंडूच्या हारात मशीन देवासारखं गप्प उभं होतं. पडून सुजलेलं मनगट सांभाळत आईने त्याला नमस्कार केला.

"पाया काय पडतेस? आपल्याच मालकीचं आहे ते," मी म्हणालो.

"मालक असतो तर सुरू नसतं का केलं, बाबा?"

तिला जीपने जिल्ह्याला नेलं. समितीत इतकी वर्षं भांडून मी एवढंच मिळवलं: मशीनला नवं कव्हर.