दस्तीखाली ठरलेली फी

लातूरच्या एजंटाने मला एक लाख रुपयांना फसवलं. मी नायगावचा बैलांचा दलाल. तीस वर्षं दुसऱ्यांचे भाव पाडत आलो आणि हा माणूस माझ्याच बोटांवर मला गंडवून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास कसा झाला ते कळेल.

माझी मुलगी शिवकन्या किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकते. दुसऱ्या वर्षाची फी शनिवारपर्यंत भरली नाही, तर तिला वर्गात बसू देणार नव्हते. एजंट सहा लाख मागत होता. गेल्या वर्षीही त्याने सहाच सांगितले होते आणि मी पाचावर आणले होते. यंदा चारावर आणायचे ठरवून मी बुधवारी सकाळी निघालो. खात्यात तीन लाख होते. चौथा हप्त्याने देऊ, असा बेत होता.

आधी नांदेडला उतरून बँकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले.

"काका, फी थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवता येते. फीचं पत्र आणा फक्त."

"आमचं सगळं सर बघतेत."

"सर म्हणजे कॉलेजचे?"

"एजंट."

बाईंनी कागद परत सरकवले. मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

लातूरच्या एसटीत बसलो. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती, रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रांचा भुसा उडत होता. लोह्याला एक बाई शेजारी येऊन बसल्या. अहमदपुरात त्यांचं भांड्यांचं दुकान, गळ्यात इष्टलिंग, हातात लग्नातल्या लाडवांचा डबा. एक लाडू मला दिला आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांचा मुलगाही त्याच कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला निघाला.

"किती पडले तुम्हाला?" मी विचारलं.

"चार लाख. थोडं इकडं तिकडं, डॉलरवर हाय ते."

"कितीवरून आणले?"

"कशावरून आणायचे भाऊ? पत्रावर लिवलेलं होतं, तेवढं बँकेतून भरलं."

"एजंटानं सहा न्हाई सांगितले?"

"आम्ही फी किती इचारलं, त्यानं पत्र दिलं. एजंटाचे पैसे येगळे दिले." त्यांनी मोबाइलवर बँकेची पावती दाखवली. "तुम्ही घासाघीस केली का काय?"



अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, बाई उतरल्या. मी सुशीला (मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला नाश्ता) खाल्ली, पण चव लागली नाही. बाहेर एक म्हातारी डोंगरातली सीताफळं घेऊन बसली होती. शंभरची पाटी साठला मागायला मी सुरुवात केली आणि ऐंशीवर आणेपर्यंत गाडी निघून गेली. म्हातारी म्हणाली, "वाचलेल्या वीस रुपयांत इमान (विमान) न्हाई गावत मामा, आता जीपला जा." पाटी उचलली आणि चाळीस रुपये जास्तीचे देऊन काळीपिवळीत (भाड्याची प्रवासी जीप) बसलो.

जीपमध्ये गेल्या वर्षीचा दिवस सारखा आठवत होता. मी आणि शिवकन्या सरांच्या ऑफिसात बसलो होतो. मी विचारलं, "कितीला देता?" सर हसले, खिशातून दस्ती (हातरुमाल) काढली आणि माझ्या हातावर टाकली. आमच्या बाजारात भाव असाच होतो. कापडाखाली बोटं दाबायची, तिसऱ्याला कळू द्यायचं नाही. मला वाटलं, हा आपलाच माणूस. सहापासून सुरू होऊन पाचावर आलो. शिवकन्या हातात फीचं पत्र घेऊन "आप्पा, यावर तर..." असं काहीतरी म्हणत होती. सौदा चालू असताना तिसऱ्यानं बोलायचं नसतं. मी म्हणालो, "गप बस." आणि तिथंच विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊन टाकला.

लातुरात दुपारी दोनला पोचलो. शिकवण्यांच्या गल्लीत पहिल्या आलेल्या पोरांचे फलक खांबाखांबावर. पाटी घेऊन सरांच्या ऑफिसचा जिना चढलो.

"या मामा, बसा."

"कॉलेजची फी किती?"

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चार."

"मग गेल्या वर्षी पाच कशाचे घेतलेस? तुझा मेहनताना येगळा दिला होता. पावती हाय माझ्याकडं."

"मामा, जो फी विचारतो त्याला मी फी सांगतो. तुम्ही भाव विचारला, मी भाव सांगितला. माझे वडील बी हाळीच्या बैलबाजारात दलाल होते. तुम्ही काय येगळं करता?"

"मी आधी बैलाचे दात दाखवतो, मग बोटं धरतो. तू पत्र दाखवलं न्हाईस."

"पत्र तुमच्या पोरीच्या हातात होतं."

टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी भिंतीवर मारला. दोघांनी मला धरून खाली आणलं. लाख रुपये तर नाहीतच, सीताफळांची पाटीही वर राहिली.

परत येताना लोह्यालाच उतरलो. तिथला एक शेतकरी माझ्या लालकंधारी बैलजोडीवर वर्षभर डोळा ठेवून होता. जोडी सव्वा लाखाची. त्यानं चौकात, चार माणसांत, लाख सांगितले. मी हात पुढे केला नाही, कापड मागितलं नाही. हो म्हणालो. असा हो मी जन्मात म्हटलेला नव्हता.

शुक्रवारी पैसे नांदेडच्या त्याच खिडकीतून थेट कॉलेजला गेले. शिवकन्येनं पत्र मोबाइलवर पाठवलं होतं. तिचा फोन आला.

"आप्पा, मी तेव्हा हेच सांगून राहिले होते ना?"

"हाव."

माझी चूक मी इथं लिहून मोकळा झालो. गोठ्यात दोन दावी रिकामी आहेत, ती मी रोज बघतो. आता राहिला तो लातूरचा माणूस. एक लाख रुपये कशाचे घेतले, ते त्यानं सांगावं. दार लावून सांगितलेलं मला नको. शिवकन्या सुट्टीत येईल तेव्हा तिच्यासमोर उभं राहून, दोन्ही हात उघडे ठेवून, तिला ऐकू जाईल असं सांगावं.