कुजबुजताई विंगेतून बाहेर येतात

आमच्या नाट्यमंडळात तिला सगळे कुजबुजताई म्हणतात. ती प्रॉम्प्टर. मांडीवर संहिता घेऊन विंगेत स्टुलावर बसायचं आणि रंगमंचावर कुणाची दातखीळ बसली की पुढचा शब्द त्याच्या कानात सोडायचा, हे तिचं काम. नटाला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही, असा आवाज तिने कमावलाय. घरीही ती तशीच बोलते. तिचा नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं तरी शेजारी जाऊन बसावं लागतं."

ऑडिशनला तिचं काम वेगळं. आलेल्या नटासमोर बसून दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचायची, तीही सपाट, वाण्याची यादी वाचावी तशी. समोरच्याला आयता सूर मिळाला तर त्याचा स्वतःचा सूर कळत नाही, असा आमचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. आजवर तिने राण्या वाचल्या, खुनी वाचले, एकदा बोलका पोपटही वाचला. सगळे सपाट.

यंदाचं नाटक मनोरुग्णालयातल्या भेटीच्या खोलीत घडतं. धाकटी बहीण थोरलीला भेटायला येत राहते. थोरली बोलत नाही. धाकटी उभ्या उभ्या घरचं काहीबाही सांगते आणि निघते. शेवटच्या प्रवेशात ती अशीच निघते, आणि बऱ्याच वेळाने थोरली म्हणते, "बस ना जरा." धाकटी बसते. पडदा.

ऑडिशनच्या आदल्या दिवशी कुजबुजताईने मला हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं.

"धाकटीसाठी मी देऊन बघू का?"

"काय?"

"ऑडिशन."

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "या वयात तुला रंगमंचावर यायची हौस कुठून आली?"

"रंगमंचाचं मला काय करायचंय," ती म्हणाली. "थोरलीने मला बस म्हणावं, एवढंच. नाटकात तर नाटकात."

तिची सख्खी थोरली बहीण अशाच एका ठिकाणी आहे, गावाबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. मंडळात सगळ्यांना माहीत आहे, विषय कुणी काढत नाही. एकेकाळी ती बहीण घर डोक्यावर घ्यायची म्हणे. हिच्या लग्नाआधीच हळूहळू गप्प झाली ती झालीच. ही दर आठवड्याला जाते. मी कधीमधी सोबत गेलेय. भेटीच्या खोलीत टेबलं जमिनीला पक्की केलेली, भिंतीला कोपरापर्यंत ऑइलपेंट, दाराशी नर्स. ही विचारते आणि उत्तरंही हीच देते. "जेवलीस का? जेवली असशील. केस कुणी कापले? नव्या नर्सने असतील. छान कापलेत हो." बहीण खिडकीबाहेर बघत असते. वेळ संपते, आणि आम्ही परतीची बस धरतो.

मी दिग्दर्शकाला सांगितलं. तो माझाच विद्यार्थी, त्यामुळे मला जरा टरकून असतो.

"बाई, प्रॉम्प्टिंग कोण करणार मग?"

"पाठ करतील झक मारत. तू तिची ऑडिशन घे."

थोरलीसाठी पोस्टातल्या काउंटरवरच्या बाई आधीच ठरल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत येऊन त्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर, मान खाली. चांगली नटी आहे. कुजबुजताईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि समोर उभी राहिली. संहिता हातात नव्हतीच, तिला ती कशाला लागतेय.

"गच्चीवरची टाकी परत गळायला लागलीय," तिने सुरुवात केली, आणि मागे खुर्च्या लावणारे थांबले. इतक्या वर्षांत तिचा पूर्ण आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. भरडा, जरासा चिरकणारा, पण माणसाचा आवाज. टाकीचं झालं, भाच्याच्या नोकरीचं झालं. "बरंय, येते मी," म्हणून तिने पर्स काखेला लावली आणि पाठ फिरवली. दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

आता ती शांतता. पोस्टातल्या बाईंनी ती छान ताणली. आणि कुजबुजताईच्या तोंडून, तिच्या त्या कमावलेल्या आवाजात, आलं, "बस ना जरा."

सगळे हसले. तीही हसली.

"ताई, ते वाक्य त्यांचं," दिग्दर्शक म्हणाला.

"हो रे बाबा. सवय. पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच झालं. या वेळी कुणी हसलं नाही.

"मला वाटतं त्या अडकल्या," ती म्हणाली. "कुणी अडकलं की माझ्याने राहवत नाही."

तिसऱ्यांदा तिने तोंडातून आवाज येऊ दिला नाही, पण मान वळवून बाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि ओठ हलत होते. पोस्टातल्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, माझं वाक्य तुमच्या ओठांवर आधीच होऊन जातंय. मी काय म्हणू?"

दिग्दर्शकाने गुळमुळीत काही केलं नाही, हे त्याचं मला आवडलं. "ताई, बोलणं तुमच्याइतकं कुणाचंच झालं नाही. पण नाटक त्या थांबण्यावर उभं आहे."

"खरंय," ती म्हणाली.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, कारण पोरगा बरोबर बोलत होता.

बाहेर अजून एक उमेदवार होती, शिवणक्लास चालवणारी. पोस्टातल्या बाईंची सुट्टी संपली होती, त्या गेल्या. मग थोरली कोण वाचणार? सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कुजबुजताईने चष्मा लावला, संहिता उघडली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. "बोलवा तिला. वाचते मी."

शिवणक्लासवाली घाबरलेली. टाकी आणि भाचा एका दमात उरकून "बरंय, येते मी" म्हणाली आणि वळली. आता शांतता कुजबुजताईच्या ताब्यात होती. तिने वाक्य दिलं नाही. पंख्याची करकर ऐकू येत होती. शिवणक्लासवालीने आधी दिग्दर्शकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दिग्दर्शकाने तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर चप्पल मारली. शेवटी ती बाई पूर्ण मागे वळली. कुजबुजताई तिच्याकडे बघत होती, संहितेकडे नाही.

"बस ना जरा."

सपाट नव्हतं ते, आणि कुजबुजही नव्हती. ती बाई बसली. अभिनय वगैरे काही नाही, सांगितल्यावर माणूस बसतं तशी, पिशवी पायाशी ठेवून.

भूमिका तिलाच मिळाली.

संध्याकाळी आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो. मी म्हटलं, "ऑडिशनला सपाट वाचायचं असतं."

"माहितीये. मी खेळायला पळायला लागले की ताई अशीच म्हणायची. आवाज तसाच आला का, ते मात्र सांगता येत नाही मला. आता आठवत नाही नीट."

"मी कुठे ऐकलाय तिचा आवाज?"

"हो, तेही आहेच."

बस आली ती आमच्या घराकडची नव्हती, गावाबाहेर जाणारी होती. ती पुढे झाली.

"अगं, आज भेटीचा वार नाही," मी म्हटलं. "आत सोडणार नाहीत."

"नाही सोडत," दांडीला धरून वर चढत ती म्हणाली. "पण फाटकाबाहेर बाक आहे."