जाळीपलीकडचे ओठ
गरम पाण्याच्या नव्या रबरी पिशवीचा वास आला की मला सौदीतल्या अल-खोबरजवळचा तो तुरुंग आठवतो. आखाती युद्ध चालू होतं, कंपनीने दिलेला गॅस मास्क मी भाजीला जातानाही सोबत नेत असे. अरबी येत असल्याने रत्नागिरीकडच्या एका ड्रायव्हरचं अपील मी लिहिलं होतं. गाडीत नशेच्या गोळ्या सापडल्याची दहा वर्षांची शिक्षा सातावर आली होती. घरच्यांना ती आणखी कमी करून हवी होती. जाळीखालून सरकवलेल्या कागदावर त्याने अंगठा उठवला आणि म्हणाला, "भाई, एक सांगू?" तेवढ्यात भोंगा वाजला. पहारेकऱ्याने मास्क चढवला, मीही चढवला. कैद्यांना मास्क नव्हते. माझाच श्वास कानात घुमत होता आणि पलीकडे तो शांतपणे बोलत होता, नुसते ओठ हलताना दिसत होते. भोंगा थांबला, मी मास्क काढला. "मग तसंच करा हां, भाई," तो म्हणाला. ऐकूच आलं नाही, हे सांगायची मला लाज वाटली. मी "हो" म्हटलं. "खलास," म्हणत पहारेकऱ्याने त्याला आत नेलं. अपील मी दिलं. फाइल पुन्हा उघडली आणि दहा वर्षं परत लागली. अजूनही कधीतरी आरशासमोर उभा राहून मी आवाज न करता "अपील देऊ नका" म्हणून बघतो. ओठ तसेच हलतात.