सोनईच्या खळ्यावरची गोलरक्षक

आर्या आणि निशांत,

तुम्ही तिकडे बर्फावर हॉकी खेळता, म्हणून मागच्या फोनवर विचारलंत, "आजी, नगरकडे कोणी खेळतं का?" मी म्हणाले, आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात असतो. माझं उत्तर चुकलं होतं. आमच्या दूधवाल्या बाईंच्या माहेरची, सोनईची काजल परदेशात पगारावर हाच खेळ खेळते आणि सध्या घरी आली आहे, असं कळलं. ती परत जाण्याआधी भेटावं म्हणून मी एका मंगळवारी सकाळी एसटी पकडली.

घोडेगावपर्यंत बस खचाखच होती. तिथून सोनईचा रस्ता लागला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. शेजारच्या आजोबांना काजलचं घर विचारलं.

"ती बर्फवाली व्हय? पान्याच्या टाकीपाशी उतरा. पन आज तिची परीक्षा हाय म्हनं."

कसली परीक्षा, ते तिच्या अंगणात समजलं. काजलचे वडील फौजेत होते. लेहला बदली झाली तेव्हा तिथल्या गोठलेल्या तळ्यावर ती हा खेळ शिकली. पुढे देशाच्या संघाची गोलरक्षक झाली आणि मग परदेशातल्या एका क्लबाने तिला घेतलं. गेल्या मोसमात तिचा गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं. आता क्लबाने व्हिडिओ मागवला होता. गुडघ्यांवर बसून, बाजूला घसरत गोल अडवायचा आणि हाताचा टेकू न घेता उठायचं. व्हिडिओ पाहून सरावाच्या शिबिराला बोलवायचं की नाही, ते त्याच दिवशी कळवणार होते.

पण सोनईत बर्फ कुठून आणायचा? तिच्या आईने, मंदाताईंनी, मळणीयंत्र आल्यापासून बंद पडलेलं खळं (धान्य मळायची शेणाने सारवलेली जागा) पुन्हा ठोकून, सारवून तयार केलं होतं. वर पाणी शिंपडलेलं. काजलने गुडघ्यांच्या जाड पॅडवर खताच्या रिकाम्या गोण्या बांधल्या होत्या. मी कौतुकाने पुढे झाले.

"बाई, चपला भाईर," मंदाताई म्हणाल्या. "खळं हाय ते."

मी चपला काढल्या, अनवाणी पाऊल टाकलं आणि सरळ घसरून बसले. काही लागलं नाही.

"झालं, बर्फ पास," काजल म्हणाली.

वडिलांनी मोबाईल धरला. मंदाताईंनी पदर खोचला आणि हॉकीची काठी उचलली. बर्फावरच्या चकतीऐवजी चेंडू होता आणि तो मारायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिले काही चेंडू अगदी घरंगळत आले.

"आई, असं मारशील तर ते म्हनतील पोरगी आईच्या मांडीवर खेळतीय."

"गुडगा हाय तो तुजा. जपून मारते."

"मला जपू नको. मार."

मंदाताई दोन पावलं मागे सरल्या. "ल्हानपनी लाटनं फेकलं की पळायचीस. आता अडीव," असं म्हणून त्यांनी काठी अशी फिरवली की चेंडू डाव्या कोपऱ्याकडे सुटला. काजल खाली बसली, सपकन घसरली, पॅडवर चेंडू आपटला. आता उठायचं होतं. तिचा हात जमिनीकडे गेला आणि अधांतरी थांबला. मंदाताईंनी डोळे मिटले होते. काजल आधी डाव्या पायावर आली, मग दुखऱ्या उजव्यावर, आणि उभी राहिली.

"उगड आता डोळे," वडील म्हणाले.

दुपारी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रश्शात शिजवून केलेली) आणि भाकरी जेवलो. जेवताना सगळ्यांचं लक्ष मोबाईलकडे. माझी परतीची बस गेली, पण मी उठले नाही. चहाच्या वेळी निरोप आला: शिबिराला ये. संघात घेणार की नाही, ते तिथेच ठरेल. मंदाताई चुलीपुढून उठल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गूळ जास्त पडला वाटतं च्यात."

शेवटच्या बसने नगरला परतताना मला वाटत राहिलं की खेळाडू घडवायला मोठी मैदानं लागतात, असं मी तुमच्या बाबांना उगीचच सांगत आले.

काजल गेल्या आठवड्यात गेली. खळं अजून आहे. मंदाताई ते सारवून ठेवतात.