बाईंनी मोडलेलं लग्न

गोष्ट ऐन रंगात आली की गायकवाड बाई पुस्तक मिटत आणि शेवटचं पान वाचायला ठाम नकार देत. वडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या आम्हाला मराठी शिकवत. जुन्या कथांमधल्या नवरा-बायकोंच्या लपवालपवीवर त्यांचा विशेष जीव होता. मी विज्ञान शाखेची. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटे.

"बाई, निष्कर्ष न सांगता प्रयोग थांबवता येत नाही," मी एकदा ऐकवलं.

"निष्कर्ष परीक्षेपुरता पाठ कर गं. आधी सांग, त्या बायकोच्या जागी तू असतीस तर?"

मागच्या बाकावरून शिरगावची एक मुलगी म्हणाली, "सांगितलं तर नवरा टाकंल की वो बाई!"

"टाकू दे. पण ते ठरवायची संधी त्याला मिळाली पाहिजे. नवरा झाला म्हणून काय, तोही माणूसच आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

एम.एस्सी.नंतर माझं लग्न ठरत आलं. मला अपस्मार आहे. गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. आईने तोडगा काढला होता : "इचारलंच कुनी, तर शक्तीची गोळी हाय म्हनायचं." लपवून घ्यायची गोळी कधीतरी चुकणार आणि चुकली की झटका येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आईला फक्त चांगलं स्थळ दिसत होतं. मी बाईंना गाठलं.

"मुलाला सांग," त्या म्हणाल्या. "तो त्याचा हक्क आहे. गावाचा नाही."

आमच्या गावी, तिकोणा पेठेत, घरी सुपारी फोडायला पाहुणे जमले. बाईही आल्या होत्या. मुलाला मी मागच्या पडवीत नेऊन सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, वडिलांशी तो दोन वाक्यं बोलला, आणि सुपारी न फुटताच पाहुणे उठले. बाहेर कुणाला काही न सांगण्याचं सौजन्य मात्र त्याने पाळलं.

भावकी आईभोवती गोळा झाली. "काय झालं? पोरीत काय खोट हाय का?"

तेवढ्यात बाई पुढे आल्या. "मी बोलले मुलाशी. म्हटलं, ही पुढे संशोधन करणार, चूल-मूल एवढ्यात जमणार नाही. बिथरले ते."

लपवालपवीचा निवाडा करणाऱ्या बाई माझ्या घरात धडधडीत खोटं बोलल्या. पुढे कित्येक वर्षं बायका त्यांना टोमणे मारत : "आमच्या पोरींच्या सुपारीला येऊ नगा बरं का, बाई!"

"जेवायला तरी बोलवाल ना?" बाई विचारत.

मी खरं सांगायला निघाले, तर त्यांनी मला अडवलं. "तुझ्या आजाराची चर्चा तुला हवी तेव्हा होईल. तोवर माझी होऊ दे." मी पुण्याला गेले, पीएच.डी. केली, प्रयोगशाळेत रुजू झाले. बाईंच्या नावाला लागलेला तो बोल मात्र तसाच राहिला.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. वडगावच्या शोकसभेत आमच्या गावचे एक आबा हळहळून म्हणाले, "बाई मानूस सोन्याचं. पर त्या पोरीचं लगीन मोडलं, तेवढं वंगाळ झालं."

मी उभी राहिले. शेजारी बसलेल्या आईने माझं मनगट धरलं.

"ते लग्न बाईंनी मोडलं नाही," मी म्हटलं. "मला फिट येतात. मुलाला मीच सांगितलं होतं."

सभा माझ्याकडे पाहू लागली. मग आईने मनगट सोडलं आणि माझ्याशेजारी उभी राहत ती मोठ्याने म्हणाली, "व्हय. माझीच लेक ती. आन् बाईंनी समदं सोताच्या अंगावर घेतलं."