वाढली

मी फार शिस्तीची बाई आहे, असं घरात सगळे चेष्टेनं म्हणतात. फुलपाखरं मोजायलाही मी शिस्तीतच गेले. ठाकुर्लीत आमच्या इमारतीमागून खाडीकडे एक पायवाट उतरते. दर रविवारी सकाळी दहाला, तीच वाट, तीच चाल, आणि दोन्ही बाजूंच्या झुडपांवर दिसतील तेवढी फुलपाखरं वहीत मांडायची. आमच्या गटातले लोक ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशा आपापल्या वाटा चालतात. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही कळत नाही. पाच-सहा वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले की जागेचं काय होतंय ते दिसायला लागतं.

यंदा पाऊस संपता संपता जिन्यात माझा पाय मोडला. प्लास्टरमधले सहा रविवार सासूबाई माझ्याऐवजी गेल्या. पुस्तकातली नावं त्यांना मान्य नव्हती. रुईवरची, लिंबावरची, घाणेरीवरची, अशी त्यांची स्वतःची नावं होती आणि नजर माझ्याहून तेज. पहिल्या दोन रविवारी त्यांनी आकडे लिहिले. पुढे आकड्यांची जागा रिकामी, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात, 'रुईवरची वाढली.' मग 'लिंबावरची पण वाढली.' शेवटच्या दोन रविवारी, 'सगळी वाढली.'

मोजता येणार नाहीत इतकी झाली असणार, असं मी धरून चालले. आनंदाच्या भरात दुसरा विचारच आला नाही. वाटेच्या एका अंगाला डंपरनी मातीचा भराव टाकला होता. उरलेल्या पट्ट्यात तो टाकू द्यायचा की नाही, हे सरकारी कचेरीत ठरायचं होतं आणि तिथे आमच्या गटाचा अहवाल जाणार होता. पलंगावर पाय लांब करून मी त्यात लिहिलं, 'भराव पडूनही फुलपाखरं वाढली आहेत.'

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघी गेलो. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. रुईच्या पानांवर बोटभर धूळ बसली होती. मी पहिल्या वळणापर्यंत गेले, दुसऱ्यापर्यंत गेले. पेन हातातच राहिलं. काहीही उडत नव्हतं.

"आई, तुम्ही तर वाढली लिहिलंत."

"अगं, वाढलीच ना. तांदूळ वाढले म्हणतो, तशी."

तीस वर्षं मी याच शब्दावर वाण्याकडे पळतेय. आमच्या घरात काही संपत नाही, संपलं म्हणणं अशुभ. तेल वाढतं, मीठ वाढतं, फुटली तर बांगडीही वाढते. आणि मी शहाणी, तोच शब्द सरकारदरबारी पाठवून बसले होते. आता उरलेला पट्टाही जाणार, आणि तो माझ्या सहीनं जाणार.

गटाचं काम बघणाऱ्या प्राध्यापिकेला तिथूनच फोन लावला. अहवाल गेला होता. दुरुस्ती उद्या देता येईल, पण रिकामी जागा चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. रिकामी म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे माणूस गेला, त्यानं बघितलं, आणि नव्हतं. जी बाई गेली होती, तिच्याच हातचं शून्य हवं होतं.

सासूबाई तयार होईनात. असलं हातानं लिहू नये, लिहिलं की खरं होतं, म्हणाल्या. मी आधी समजावलं, मग चिडले, मग मला रडूच आलं. मला भीती वाटतेय, असं मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. शेवटी चष्मा पुसून त्यांनी पेन मागितलं.

"मला पण वाटत होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तसं लिहिलं."

त्यांनी एकेक शून्य गोल, सावकाश काढलं. दुरुस्ती सोमवारी गेली. कचेरीतून अजून काही उत्तर आलेलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातून मला हाक मारली.

"तेल संपलंय गं."

मी पिशवी घ्यायला उठले, आणि दारातच थांबले. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'संपलं' मी पहिल्यांदाच ऐकत होते.